क्लिफर्डचा अकरा आठवड्यांचा जिग

क्लिफर्ड ऑर्मरॉडच्या घरी धातू कापायचं मिलिंग मशीन आलं तेव्हा धुण्याच्या खोलीची मागची भिंत पाडावी लागली होती. मशीन आत गेलं, भिंत पुन्हा बांधली, आणि तेव्हापासून त्याची बायको मॉरीन स्वयंपाकघरात दोऱ्या बांधून कपडे वाळवते. "उद्या घर सोडायची वेळ आली तर मी दारातून जाईन," ती म्हणते, "ते कुठून जाणार? म्हणून हा मलाच सोडेल."

बर्न्ली गावातल्या आमच्या गल्लीत क्लिफर्डएवढा सावकाश माणूस नाही. चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे अवजारं बनवायच्या खात्यात, काढली. एखादी वस्तू कापायला सांगा, तो आधी ती पक्की धरून ठेवणारी चौकट, म्हणजे जिग, बनवतो. कापायचं काम दहा मिनिटांचं, धरायची तयारी तीन आठवड्यांची. भिंतीवरच्या फळीवर असे चाळीसेक जिग तेल लावून, नंबर ठोकून ठेवलेत. प्रत्येक एकदाच वापरलेला. मी एकदा विचारलं, "पुन्हा लागणार आहेत का हे?" तर म्हणाला, "लागले तर?" या प्रश्नाला आमच्या मंडळात उत्तर नाही. आमचं मंडळ म्हणजे घरी वाफेची छोटी इंजिनं बनवणारे पंधरा म्हातारे.

त्याचा थोरला भाऊ वॉलेस त्याच्या उलट. डोळ्याने अंदाज घ्यायचा आणि कटर लावायचा. वीस वर्षं तो एक वाफेचं इंजिन बनवत होता. टेबलावर मावेल एवढंच, पण खरी वाफ ओढणारं. एक सिलिंडर राहिला होता. तेवढ्यात कारखान्यातल्या पांढऱ्या धुळीने फुप्फुसात घर केलं आणि वॉलेस त्याच्या घरी पुढच्या खोलीत खाटेला खिळला. नाकात नळी, शेजारच्या कपाटावर अर्धं इंजिन. जानेवारीत डॉक्टर म्हणाले, फार तर ईस्टरपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत. वॉलेसने एकच गोष्ट मागितली: एकदा ते वाफेवर फिरताना ऐकायचं.

सिलिंडरचा ओतीव तुकडा एकच होता. ओतशाळा बंद पडलेली, साचा भंगारात गेलेला. तुकड्याला एकही बाजू दुसरीला समांतर नाही, शिवाय वरचा सपाट भाग सात अंश कलता कापायचा. व्हाइसच्या जबड्यात धरला की साबणासारखा निसटे. क्लिफर्डने तो दोन दिवस हातात फिरवला आणि म्हणाला, "याला जिग लागेल."

मॉरीनने कपाळाला हात लावला.

पहिली पोलादी पट्टी घासून झाली तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. उतार सात अंशांपेक्षा केसभर जास्त निघाला. तो केस मला भिंगातूनही दिसला नाही. क्लिफर्डने पट्टी बाजूला ठेवली आणि नवी कापायला घेतली. मार्चमध्ये खुंट्या बसवल्या. एक खुंटी दोन थाउ, म्हणजे इंचाचे दोन हजारावे भाग, सैल वाटली. काढली, पुन्हा केली.

वॉलेसला रोज निरोप द्यायचं काम माझ्याकडे.

"झालं का रे?"

"पुढच्या आठवड्यात."

"आमच्या क्लिफला विचार," तो धापा टाकत म्हणायचा, "शवपेटीत मला सरळ धरायलाही जिग करतोय का. करत असेल तर थांबतो म्हणावं." आणि हसायचा. ते हसणं खोकल्यात बुडायचं, नर्स मला बाहेर काढायची.

शेवटी मी चिडून धुण्याच्या खोलीत गेलो. "क्लिफ, लाकडाचे तुकडे लाव, दोन बोल्ट आवळ आणि काप. आज दुपारी होईल. तुझ्या जागी वॉलेस असता तर त्याने तेच केलं असतं."

"एकच तुकडा आहे. निसटला तर?"

"नाही निसटणार. चाळीस वर्षं केलंयस तू हे."

तो कानशीवरचा कीस ब्रशने झाडत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि झालं, तर? त्याने ते एकदा ऐकलं, मग तो कशासाठी थांबेल?"

घरी येऊन मी बायकोला एवढंच सांगितलं, की आणखी एक आठवडा लागेल.

मंगळवारी जिग तयार झाला. खरोखर देखणा होता. बुधवारी क्लिफर्डने त्यावर नंबर ठोकायला घेतला. अंक सरळ रेषेत यावेत म्हणून आधी रेघ आखली. गुरुवारी सकाळी नर्सने क्लिफर्डचं दार वाजवलं.

दफनानंतर लोक मॉरीनकडे हॅमची सँडविचेस खात होते. वॉलेसच्या आठवणी निघाल्या, कुणीतरी हसलंही. क्लिफर्ड काळ्या सूटमध्येच उठला आणि मागे गेला. मी पाठोपाठ. त्याने ओतीव तुकडा जिगमध्ये ठेवला. तो आपोआप जागेवर बसला, जणू तिथेच ओतला होता. क्लिफर्डने बोल्ट आवळले, टाय शर्टात खोचला, मशीन चालू केलं. बावीस मिनिटं लागली. मापाचा काटा जागचा हलला नाही.

मॉरीन दारात येऊन उभी राहिली. "झालं?"

"झालं."

त्याने तुकडा काढला, कडा गोल केल्या, तेलाच्या फडक्याने पुसला आणि तळहातावर तोलत उभा राहिला. तो कुणाकडे द्यायचा हे त्याला सुचत नव्हतं. मॉरीनने हात पुढे केला, त्याने दिला नाही.

मग तुकडा पुन्हा जिगमध्ये बसवला आणि बोल्ट एकेक करून हातानेच आवळले. कापायचं काही उरलं नव्हतं.

"राहू दे थोडा वेळ," तो म्हणाला. "धरलाय नीट."