पुढे गेलेलं बोट

पेटी कुणाकडे शिकलात, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. सांगायला गुरूच नाही. मखमलाबादला आमचा मळा, वडील शेवंती आणि गुलाब लावायचे. भजनी मंडळाची पेटी आमच्या ओसरीवर असायची, कारण देवळात उंदीर फार. दुपारी सगळे फुलं खुडायला गेले की मी भाता हलवून बघायची आणि कानावर पडलेलं बोटांनी शोधत बसायची. तेवढंच माझं शिक्षण. पुढे लग्न होऊन शहरात आले. यजमान ओझरच्या कारखान्यात, सकाळी गेले की संध्याकाळीच घरी. मग शेजारपाजारच्या मुलांना बसवून घ्यायला लागले. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. शिकवणीबरोबर गाण्याच्या कार्यक्रमांत पेटीची साथही करत आले.

आता बघा, ही दोन्ही कामं लोकांना एकच वाटतात. पेटी तीच, बाई तीच. पण शिकवताना मूल कुठे अडलं की त्याच्या आधी आपण सूर वाजवून द्यायचा, म्हणजे ते धरून पुढे जातं. साथीला बसलं की उलट. गाणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे राहायचं. लोक म्हणतात सावलीसारखं, पण सावली तर पुढेही पडते. पेटीनं पुढे पडायचं नाही.

मी सगळ्यात जास्त साथ केली ती एका बाईंना. त्या कॉलेजात शिकवायच्या आणि गाणं मनापासून गायच्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. त्या मला ताई म्हणायच्या, मी त्यांना बाई, आणि दोघींचं अहो-जाहो. पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. काळी चार. मी बसले की न विचारताच माझं बोट तिथे जायचं.

सात वर्षांपूर्वी दिवाळी पाडव्याच्या सकाळी गंगापूर रोडला कार्यक्रम होता. शंभरेक माणसं, थंडीत शाली घेऊन बसलेली. बाई अहिर भैरव गात होत्या. हळूहळू वर चढत निषादावर आल्या आणि थांबल्या. वरचा सा एका हाताच्या अंतरावर, पण तिकडे जाईनात. पुन्हा खाली आल्या, पुन्हा निषाद. सगळी माणसं त्या सा-साठी श्वास धरून बसलेली. गाण्यातली खरी मजा तीच असते, वाट बघायला लावण्याची.

आणि माझ्या बोटानं सा दाबला.

त्या आठवड्यात मी घरी रोज सहा मुलं शिकवत होते, परीक्षा तोंडावर. निषादावर अडलेल्याला सा द्यायचा ही सवय हाताला इतकी लागली होती की मला विचारलंसुद्धा नाही त्यानं. पुढच्या रांगेतल्या एकानं ‘वा’ म्हटलं. पेटीला म्हटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, सा लावला आणि पुढे गेल्या, पण तो सा आता कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

आमचे तबलजी जिभेचे तिखट. पेटी बांधताना म्हणाले, “वहिनी, आज बाईंनी तुम्हाला छान साथ केली हो.”

मी म्हटलं, “तुमचा डग्गा उतरला होता ते बघा आधी.” पण घरी येऊन चहासुद्धा गोड लागला नाही.

त्यानंतर बाईंचा फोन आला नाही. संक्रांत गेली, गुढीपाडवा गेला. मी केला नाही, कारण कुठल्या तोंडानं करायचा? दुसऱ्या कुणी साथीला बोलावलं तर सांगायची, बोट दुखतं. दुखत काही नव्हतं. मला माझ्या हाताची खात्री उरली नव्हती. यजमान म्हणायचे, “एका सुरासाठी किती वर्षं सुतक पाळणार आहेस?” मी म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं. मुलं शिकवत राहिले. तिथे पुढे गेलं तरी कुणाचं बिघडत नाही.

यंदा श्रावणात एका सकाळी फोन वाजला. “ताई, रविवारी घरीच छोटी बैठक ठरवलीय लेकीनं. वीसेक माणसं. साथीला याल का?”

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाम पुसला. चार दिवस मुलांसमोर हात पेटीवरून उचलून मांडीवर ठेवायचा सराव केला. एक पोरगी म्हणाली, “आजी, सूर द्या ना.” म्हटलं, “तुझा तू शोध. मी सध्या मागे राहायला शिकतेय.”

शुक्रवारी सरावाला बाईंकडे गेले. पाणी झालं, पावसापाण्याचं बोलणं झालं. त्या दिवसाचं कुणी काढेना. मी पेटी उघडली, भाता सोडला आणि काळी चार दाबून धरली. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, आता निघणार तो विषय.

“ताई,” त्या म्हणाल्या, “पांढरी चार द्या.”

पांढरी चार म्हणजे चांगले तीन सूर खाली.

“कधीपासून?”

“त्या पाडव्याच्या आधीपासूनच आवाज ओढून वर नेत होते. त्या दिवशी निषादावर का थांबले होते, वाटतं तुम्हाला? सा नीट लागेल याची खात्री नव्हती म्हणून. तुम्ही सा दिलात आणि मला वाटलं, ताईंना कळलं. गाणाऱ्याचा आवाज उतरला की पहिलं पेटीवालीला कळतं. तुम्हाला खालची पट्टी कशी सांगू, म्हणून फोनच केला नाही. घरी मोबाईलवर तानपुरा लावून एकटीच गात होते.”

“अहो, मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं,” मी म्हटलं. “माझा हातच चुकला. परीक्षेची पोरं डोक्यात बसली होती.”

“म्हणजे तुम्ही मला अडलेलं पोर समजलात?”

“हो.”

बाई हसायला लागल्या. मग मीही. त्यांची लेक आतून बघायला आली की या दोघी म्हाताऱ्या रडताहेत का काय. सात वर्षं त्या माझ्यापासून तोंड लपवत होत्या आणि मी त्यांच्यापासून. छातीवरचं पाट्या-वरवंट्याचं ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं, तसं झालं मला. पांढरी चार दाबली. काय गोल आवाज लागला त्यांचा. वर ओढताना आवाज चिरतो, तसं कुठेच नाही. दोनदा मी पुढे गेले. बाईंनी गाता गाताच हातानं ‘थांबा’ केलं, मी थांबले, आणि कुणाचं काही अडलं नाही.

रविवारी सुरू करण्याआधी बाईंनीच सगळ्यांना सांगितलं, “मी आता खालच्या पट्टीत गाते. वय झालं.” मागून एक आजोबा म्हणाले, “आम्हाला कुठे कळतंय बाई? तुम्ही गा.” मी भाता सोडला. अकराला सुरू झालेलं गाणं अडीचला संपलं, आणि वरण तिसऱ्यांदा गरम करावं लागलं म्हणून लेक आमच्या दोघींवर कुरकुरत होती.