पासष्ट साली आम्ही घाबरलो तेव्हा

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते साठतात. माळ्यावर टाकलेल्या रिकाम्या डब्यांसारखे. एखाद्या दिवशी टाकून द्यावेत म्हणून खाली काढायला जावं, तर माणूस एकेक डबा उघडून हुंगत बसतो.

आम्हा गिरणीवाल्यांचं तसंच झालंय. मी माधवनगरच्या एका कापड गिरणीत टाइमकीपर होतो. म्हणजे कोण किती वाजता आत आला आणि कोण किती वाजता सटकला, हे लिहिणारा. आता आम्ही जुने दोघं-तिघंच उरलोय. भेटलो की बोलणं फिरून फिरून पासष्ट सालावर येतं, पाकिस्तानशी युद्ध लागलं त्या दिवसांवर.

ऐकणारे हसतात. म्हणतात, सरहद्द कुठं आणि सांगली कुठं! खरं आहे त्यांचं. पण तेव्हा कुणी सांगायचं, छत्रीनं सैनिक उतरतात. कुणी सांगायचं, गावोगाव हेर फिरतायत. रस्त्यात फाउंटन पेन दिसलं तर उचलू नका, त्यात बाँब असतो. आम्ही ते सगळं मानलं. आज त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं हसू येतं. सगळ्यांचं नाही येत.

* * *

गिरणीनं संरक्षण पथक काढलं. प्रमुख अर्थातच सुभेदार. साताऱ्याकडच्या गावचे, फौजेतून रिटायर होऊन आमच्याकडे वॉचमन लोकांचे मुख्य झालेले. चिनी युद्धाच्या वेळी घरी बसावं लागलं याची त्यांना फार खंत होती. ती त्यांनी आमच्यावर काढली.

पहिल्याच दिवशी त्यांनी कँटीनमागे खंदक खणायला लावला. सरळ नाही, नागमोडी. काळी माती, त्यात पावसाळा सरलेला नव्हता. दोन दिवस खपून खंदक तयार झाला आणि तिसऱ्या दिवशी काठोकाठ भरला. डासांची मात्र उत्तम सोय झाली.

सुभेदार मागे हटणारे नव्हते. सराव ठरल्या वेळी होणार म्हणजे होणार. शिट्टी वाजली, आम्ही पळत पळत खंदकापर्यंत गेलो आणि काठावर उभे राहिलो. सुभेदार ओरडले, "उतरा!"

कुणी हलेना. आमचा फिटर धोंडीराम शांतपणे म्हणाला, "आवं सुभेदार, बाँबनं मरायचं का बुडून मरायचं, एवढं तरी आमाला ठरवू द्या की."

त्या खंदकानं युद्धात एकच बळी घेतला. सुपरिंटेंडेंटसाहेबांचा चष्मा. तो अजून तिथंच असेल.

* * *

गिरणीचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा. त्यावर सगळं माधवनगर चालायचं. पहिल्या भोंग्याला बायका तवा चढवायच्या, दुसऱ्याला शाळेतली पोरं दप्तरं आवरायची. घड्याळ फारसं कुणाकडे नव्हतंच.

युद्ध लागलं आणि वरून हुकूम आला. भोंगा आता फक्त विमानहल्ल्याच्या वेळीच वाजवायचा. पाळीचा भोंगा बंद! झालं, गावाचं तंत्रच बिघडलं. कुणी तासभर आधी येऊन फाटकाशी बसायचा, कुणी तासभर उशिरा यायचा आणि वर मलाच विचारायचा, "किती वाजलं?"

चार-सहा दिवस असे गेले आणि एका सकाळी भोंगा वाजला. बॉयलरवाल्याचा वीस वर्षांचा सवयीचा हात तो, दोरी ओढून बसला. ओढल्यावर त्याच्या लक्षात आलं.

सुभेदार शिट्ट्या फुंकत धावले. आता लोक झाडाखाली आडवे होतील, कानात बोटं घालतील, दातांत रुमाल धरतील. सगळं पढवून ठेवलेलं होतं ना! फाटकाबाहेर येऊन बघतात तर काय, समोरच्या रस्त्यानं साडेतीनशे माणसं डबे घेऊन लगबगीनं कामावर येतायत. कितीतरी दिवसांनी सगळी पाळी वेळेवर!

सुभेदार भिंतीला टेकून उभे राहिले. मला म्हणाले, "बापू, खरा बाँब पडला असता तर ही सगळी हजेरी लावून मेली असती रं."

मी सगळ्यांची हजेरी मांडली. दुसरं काय करणार?

* * *

एकदा फलटणला बहिणीकडे गेलो होतो. परतीच्या एसटीत मधल्या कुठल्याशा गावाशी कंडक्टरला सीटखाली पत्र्याचा डबा दिसला. झाकण तारेनं आवळलेलं. त्यानं विचारलं, डबा कुणाचा? कुणी बोलेना. त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा त्याचाच आवाज चिरकला, आणि मग जे व्हायचं ते झालं. आम्ही सगळे धडाधड खाली. एक गृहस्थ तर खिडकीतून उतरले. दार मोकळं होतं तरी.

रस्त्याच्या कडेला उसात आम्ही तासभर उभे होतो. ड्रायव्हर म्हणे, गाडी माझ्या अंगावर आहे, मी हात लावणार नाही. कंडक्टर म्हणे, माझं काम तिकिटाचं. शेवटी रजेवर निघालेला एक जवान सायकलवरून आला. काय झालं म्हणाला, आत गेला, तार सोडली आणि बोट घालून चाटलं. काकवी होती.

सगळ्यात लांब, बांधापलीकडे, एक म्हातारी देवाचं नाव घेत बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "व्हय, माजाच हाय त्यो डबा. लेकीकडं चाललीया."

कंडक्टर संतापला. मघाशी का बोलली नाहीस म्हणून विचारू लागला. म्हातारी म्हणाली, "तुमी समदी पळाला, मला वाटलं तुमास्नी कायतरी ठावं असंल. मग मीबी पळाले."

मी हा किस्सा कितीदा तरी सांगून लोकांना हसवलंय. पुढे मात्र सांगताना मला म्हातारीचं हसू येईनासं झालं. सगळे पळाले म्हणून मीही पळालो, हे पुढे एका बाबतीत मलाही म्हणता आलं असतं.

* * *

आमच्या चाळीत धोंडीराम राहायचा आणि त्याची भावजय. भाऊ फौजेत, कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे बाँबपेक्षा लोक तारवाल्याला जास्त भ्यायचे. त्याची सायकल गल्लीत वळली की दारं लागायची.

तारवाला भला माणूस. त्यानं युक्ती काढली. गल्लीच्या तोंडाशीच तो मजकूर ओरडायचा. "पोरगी झाली, पोरगी झाली!" किंवा "बदली झाली, बदली!" नियमात बसत नव्हतं, पण तक्रार कुणी केली नाही. दारं उघडायची, माणसं हसायची.

एक दिवस तो काही न ओरडता आला. सायकल हातात धरून, चालत. तो थेट धोंडीरामच्या दाराशी थांबला. भावजयीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. बांगड्यांचा चुरा झाला.

तारवाल्याचा घसा बसला होता, एवढंच. तारेत होतं, रजा मंजूर, गुरुवारी येतो.

गुरुवारी भाऊ आला. बायकोचे मोकळे हात बघून त्यानं विचारलं. ती म्हणाली, "धुणं धुताना फुटल्या." चाळीत कुणीही त्याला खरं सांगितलं नाही. आम्ही केलेल्या शहाणपणाच्या गोष्टी मोजक्याच, त्यातली ही एक.

* * *

आता इमामभाईचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही. धोंडीराम समोर असला तर तो विषय बदलतो.

इमामभाई लूमखात्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा मुकादम. बिघडलेला माग नुसता आवाजावरून ओळखायचा. माझ्या थोरल्याच्या बारशाला पाळण्याची दोरी त्यानं वळून दिली होती, गिरणीच्या सुतातून. त्याला नाद एकच, कबुतरांचा. घरावर लाकडी ढाबळ, तीत दहा-बारा जोड्या. गिरणीत सुताच्या नंबराप्रमाणे बॉबिनला रंगाची खूण करतात, तशी त्यानं प्रत्येक जोडीच्या पायात एकेका रंगाचा दोरा बांधला होता. लाल जोडी, हिरवी जोडी. कामावरून सुटला की तो ती उडवायचा आणि आम्ही गच्चीवर चहा पीत बघत बसायचो.

युद्ध लागल्यावर एका संध्याकाळी कबुतरं वर गेली आणि थोड्याच वेळात आभाळात विमानाची घरघर आली. आपलंच विमान असणार. पण दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, कबुतरं आधी गेली, विमान मागून आलं. कुणीतरी म्हणालं, पायात दोरे कशाला? कुणीतरी मग हळूच नाव घेतलं, आणि नाव घेतलं म्हणजे जात घेतली. बोलणारे मोजके होते. बाकीचे गप्प बसलो.

ठरलं की पोलिसांना कळवायचं. लिहायचं कुणी? अक्षर माझं चांगलं. मी लिहिलं, "सदर इसमाच्या कबुतरांच्या पायांत खुणेचे दोरे आढळतात." ते दोरे आमच्याच गिरणीचे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मीही ते जाणून होतो, तरी लिहिलं. मला भीती वाटत होती, हे खरं आहे. पण कबुतरांची नव्हती ती. मी लिहिलं नाही तर हे लोक माझ्याकडे कसे बघतील, याची होती. खाली सही केली, "एक जागरूक नागरिक".

फौजदार सभ्य गृहस्थ. त्यांनी इमामभाईला बोलावलं, चहा पाजला, आणि युद्ध संपेपर्यंत पाखरं गावाबाहेर ठेव म्हणाले. इमामभाईनं टोपल्यांत भरून ती एसटीनं तासगावला मेव्हण्याकडे नेली. तिथं सोडली आणि परतीच्या एसटीत बसला. घरी येतो तर सगळी ढाबळीवर हजर! त्याच्या आधी पोचली होती. त्या दिवशी तो स्वतःच हसत हसत हे आम्हाला सांगत होता आणि आम्ही हसलो. जरा जास्तच मोठ्यानं हसलो.

दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या दिवसाची रजा मागायला माझ्याकडे आला. कारण विचारलं तर म्हणाला, पंख कातरायचेत. मी रजा लिहिली. त्यानं पाखरं पुन्हा तासगावला नेली, आणि या खेपेला ती परत आली नाहीत. महिन्याभरात मेव्हण्याकडच्या मांजरांनी एकूण एक संपवली. न उडणारं पाखरू किती दिवस टिकणार?

इमामभाई कामावर येत राहिला. मागाच्या कामाचं विचारलं तर उत्तर द्यायचा. चहाला मात्र आमच्यात येईना.

युद्ध थांबलं. ब्लॅकआउट उठून दिवे लागले, भोंगा पुन्हा पाळीवर आला, खंदक बुजवला. मी इमामभाईकडे जाणं आज-उद्यावर ढकलत राहिलो. शेवटी एका रविवारी सकाळी त्याच्या घरी गेलो. त्यानं बसायला घोंगडी टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी म्हणालो, इमामभाई, आता युद्ध संपलं, पाळा की पुन्हा कबुतरं. हवं तर आम्ही सगळे मिळून दोन जोड्या आणून देतो.

तो म्हणाला, "लढाई थांबल्याचा हुकूम आला, बापू. पाखरांचा न्हाई आला. फौजदारसायबाकडं कागद गेल्याबिगर ते कसं व्हायचं?"

मी म्हणालो, मग देऊ की कागद. आत्ता लिहितो. तो उठला. पेटीतून कोरा कागद काढला, दौत-टाक माझ्यापुढं ठेवला. मी विचारलं, काय लिहू?

"लिवा, या इसमाच्या पाखरांवर आमचा काय बी संशय न्हाई. मी पाखरं आणीन न आणीन, ते माजं मी बघीन. पर कागद तिथं पायजे."

मी लिहू लागलो. दोन ओळी झाल्या. तो शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होता. चहा आला. त्यानं कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला,

"पैला कागद फौजदारसायबानं मला दावला हुता, बापू. अक्षर तवाच वळखलं मी. या खेपेला तेवढं खाली नाव घाला."