डिप्रेशनच्या गेममध्ये मी एकटाच नापास

"थायरॉइड नॉर्मल, बी-ट्वेल्व्ह नॉर्मल. हे डिप्रेशन आहे," डॉक्टर म्हणाले आणि मला रिपोर्टचाच राग आला. थायरॉइड निघाला असता तर कंपनीत छातीठोकपणे सांगता आलं असतं.

मी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. पत्र्याचे पार्ट तपासतो. काही महिने अंग जड होतं, जेवणाला चव नव्हती आणि चांगला पार्ट कोणता, रिजेक्ट कोणता, हे बघायची इच्छाच उरली नव्हती. डॉक्टरांनी लिहिलं, मॉडरेट डिप्रेशन. म्हणजे मधल्या प्रतीचं. इथेही माझा पहिला नंबर नाही.

वेटिंग रूममध्ये आमच्याच लाइनवरचा एक वेल्डर दिसला. दोघांनीही ओळख दाखवली नाही. कान दुखत असल्यासारखे चेहरे करून बसलो.

गोळ्यांना अँटीडिप्रेसंट म्हणतात. उतरलेलं मन त्या हळूहळू वर आणतात, पण गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला माझं फक्त तोंड कोरडं पडायचं. तुम्हाला सुरू झाल्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. "पण नाइट शिफ्ट बंद करा," डॉक्टरांनी बजावलं. "गोळी मी देईन. रोज ठरल्या वेळी झोपच झाली नाही तर एकटी गोळी काय करणार?"

म्हणून मी आमचे शिफ्ट इनचार्ज भोसले यांच्याकडे कायमची फर्स्ट शिफ्ट, म्हणजे सकाळची, मागितली. ते भजी खात होते. "टेन्शन कुणाला न्हाई राव? मलाबी हाय," ते म्हणाले आणि दुसरं भजं उचललं. त्यांचं टेन्शन भजीवर भागत होतं, माझं भागत नव्हतं. मी नाइट करत राहिलो, गोळ्या घेत राहिलो, आणि काडीचाही फरक पडला नाही.

त्यातच कंपनीत मानसिक आरोग्य सप्ताह आला. भाषण, नारळपाणी आणि एक गेम. मोबाइलवर खेळायचा. चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. तुम्ही समीर आहात आणि तुम्हाला डिप्रेशन आहे. दर पानाखाली तीन पर्याय, एक दाबला की गोष्ट पुढे. सहकाऱ्याचं दुःख आतून कळावं, हा उद्देश. ज्याला ते आतून आधीच कळलं होतं, त्याला शिफ्ट मिळत नव्हती ती गोष्ट वेगळी.

'सकाळ झाली आहे. तुम्ही काय कराल? एक, उठून व्यायाम. दोन, मित्राला फोन. तीन, पडून राहणे.' मी तीन दाबलं. समीरची बायको खांद्यावर हात ठेवून म्हणाली, 'मी तुझ्या भावनांचा आदर करते.' आम्ही राहतो त्या काळेवाडीत असं बोलणारी बायको मी अजून पाहिलेली नाही. पुढेही तीन, तीन, तीन. प्रत्येक वेळी तो गेम शहाण्यासारखा माझी वाट बघत थांबायचा. असला निवांत आजार मलाही आवडला असता.

शेवटी लाल अक्षरांत आलं, 'समीर बरा झाला नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

बाकी सगळा प्लांट पास झाला. सेफ्टीच्या परीक्षेला करतात तसंच केलं होतं. कुणीतरी उत्तरं व्हॉट्सॲपवर टाकली. 'एक, दोन, दोन, एक दाबा. डायरेक्ट बरे व्हाल.' माणसं चहा पिता पिता डिप्रेशनमधून बाहेर पडत होती. आणि ज्याला खरोखर डिप्रेशन होतं, तो एकटा नापास.

एचआर मॅडमना शंभर टक्के निकाल हवा होता. त्यांनी भोसल्यांना माझ्या शेजारी बसवलं.

"अरे एक दाब ना," ते म्हणाले.

"खरं तेच दाबतोय, साहेब."

"खरं कुनी इचारलंय? वरून फोनावर फोन येत्यात."

तेव्हा मला या आजारातला पहिला शहाणपणा सुचला. म्हटलं, "फर्स्ट शिफ्ट द्या, लगेच बरा होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एचआरच्या दाराकडे. "सोमवारपासून ये फर्स्टला," ते पुटपुटले. मी एक, दोन, दोन, एक दाबलं. समीर डायरेक्ट बरा झाला. मला सहवेदनेचं सर्टिफिकेट मिळालं आणि भोसल्यांनाही.

सोमवारी मी उठलोच नाही. शिफ्ट हातात होती, पण पाय गादीबाहेर निघेनात. कंपनीची बस चुकली तर फर्स्ट शिफ्ट गेलीच, हे कळत होतं, तरी निघेनात. माझी बायको रेखा धाराशिवकडची. गेम तिने पाहिलेला नाही. खांद्यावर हातबित काही ठेवला नाही. डबा उचलला आणि खाली गेली.

थोड्या वेळाने हॉर्न सुरू झाला. खिडकीतून पाहिलं तर ती कंपनीच्या बससमोर उभी.

"ताई, बाजूला व्हा," ड्रायव्हर ओरडत होता.

"यायलेत ते. थांबा की जरा."

मी अजून पँटही चढवली नव्हती. पण अख्खी बस खोळंबलेली आणि ती हलायचं नाव घेत नव्हती. बटणं लावत खाली उतरलो. तिने डबा हातात दिला. "जावा," एवढंच म्हणाली. त्या सकाळी मी बसमध्ये तोंड खिडकीकडे करून रडलो.

दिवसाची शिफ्ट आणि गोळ्या मिळून हळूहळू गुण आला. तुम्हाला कुणी असा गेम दिला तर हवी ती उत्तरं दाबा, सर्टिफिकेट घ्या आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला जे हवं ते मागून घ्या.

आता बहुतेक सकाळी मी आपणहून उठतो. तरी रेखा डबा घेऊन माझ्याआधी खाली जाते आणि कोपऱ्यावर बस दिसली की रस्त्यात एक पाऊल पुढे सरकते.