शब्द कुणाचे

तो शिंपी होता आणि चर्चसाठी उपासनेची गाणी रचायचा. एका रविवारी पाळकांनी सगळ्यांसमोर विचारलं, “एवढे शब्द सुचतात कुठून?”

“पहाटे प्रार्थनेला बसलो की देव देतो.”

खरं तर पहाटे तो घोरत असायचा. अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या आईची कूस बदलताना बायको जी प्रार्थना पुटपुटायची, तीच तो दिवसा शिलाई मशीनवर बसून ऐके आणि चालीत बसवी, एवढंच.

बायकोनेही चर्चमध्ये ते ऐकलं होतं. घरी आल्यावर ती थेट सासूचं अंग पुसू लागली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“रागावलीस?”

“आईंना धरा जरा. मला एकटीला उचलवत नाही.”

चार वर्षांत त्याने आईला प्रथमच हात लावला.

पुढच्या रविवारी त्याने उभं राहून खरं सांगितलं, पण बायकोकडे बघायची छाती झाली नाही.