खोडरबरने पुसलेल्या ओळी

आमच्या आत्याला तिच्या ऑफिसात सगळे खोडरबर म्हणतात. तोंडावर नाही, मागे. पण आत्याचे कान इतके तिखट की मागे म्हटलं काय आणि तोंडावर म्हटलं काय, सारखंच. वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात ती स्लाइड बनवते. म्हणजे मीटिंगमध्ये एक साहेब भिंतीवर जे दाखवतो आणि बाकीचे साहेब ज्याच्या अंधारात डुलक्या काढतात, ते. प्रत्येक साहेब आपापलं बोचकं घेऊन तिच्याकडे येतो, आणि आत्या त्यातलं निम्म्याहून जास्त खोडून टाकते.

हे खोडणं ऐकण्यासारखं असतं. काम घरी आणलं की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती एकटीच भांडत बसते. "ही अक्षरं पळत का येतायत? मागे कुत्रं लागलंय का?" मग थोडी शांतता. मग, "पिवळ्यावर पांढरं! वा! वाचायचं कुणी, घुबडांनी?" पुन्हा शांतता. "आणि फोटोतले हे कोट घालून हात मिळवणारे दोघं कोण? पगार देतो का आपण यांना?" विक्रीचे साहेब तर फोनच करतात. प्रत्येक वाक्य नाकातून काढतात आणि शेवट ताणतात. "मॅडऽम, जरा भरगच्च करा होऽ. रिकामं रिकामं वाटतंय." आत्या साखरेच्या आवाजात, "रिकामं नाही साहेब, मोकळं आहे." फोन ठेवल्यावर जे म्हणते ते आई मला लिहू देणार नाही.

अशी ही आत्या गेल्या वर्षीपर्यंत होती. आता ती भांडत नाही. टेबलावर बसते, काम करते, लॅपटॉप मिटते. घरात इतकी शांतता असते की फ्रिज घरघरायला लागला तरी दचकायला होतं.

झालं ते फोरमनकाकांपायी. त्यांच्यापायी म्हणणंही बरोबर नाही, त्यांच्यासाठी.

कारखान्याच्या मागच्या अंगाला दुरुस्ती विभाग आहे. होता. लांबट खोली, प्रत्येक टेबलावर वाकलेल्या मानेचा दिवा, तेलाचा वास, मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. आत्या पहिल्यांदा कामाला लागली ती तिथे, फोरमनकाकांच्या हाताखाली. बारीक स्क्रू पिळताना श्वास कसा रोखायचा, हे त्यांनी तिला शिकवलं. पुढे कॉम्प्युटर आले, आत्याची बोटं त्यावर चालली आणि ती वरच्या मजल्यावर गेली. काका खालीच राहिले. आत्या चाळिशी ओलांडून गेली तरी तिला पोरी म्हणणारा सगळ्या कारखान्यात तो एकच माणूस.

वरच्यांनी विभाग बंद करायचं जवळजवळ ठरवलं होतं. काटा बिघडला की लोकांनी नवा घ्यावा, दुरुस्त कशाला करायचा? तरी एकदा ऐकून घेतलं असं व्हावं म्हणून मोठ्या साहेबांनी काकांना मीटिंगमध्ये दहा मिनिटं दिली. तेवढ्यात पटलं तर विभाग राहील, नाही तर जाईल. खालची सगळी माणसं पांगतील, कुणी गोदामात, कुणी घरी.

काका आमच्याकडे आले ते पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून. त्यांचं बोलणं असं, की आधी खोकला, मग "हां, तर", मग मुद्दा. "हां, तर... पोरी, मीच केलंय. मुलाने थोडं दाखवलं. तू फक्त एक नजर टाक."

आत्याने नजर टाकली आणि डोक्याला हात लावला. मागे समुद्रावरचा सूर्यास्त. त्यावर लाल, हिरवी, जांभळी अक्षरं, मुंग्यांची वारुळं फुटावीत तशी. प्रत्येक ओळ कोपऱ्यातून कोलांटी मारत यायची.

"काका, अहो हे काय? सर्कस आहे का?"

"हां, तर... त्याचं असं, की पॉलिशवाला म्हणाला माझंही एक वाक्य घाला. त्याचं घातल्यावर स्प्रिंगवाल्याचं नको? मग पॅकिंगवाली बाई रुसली. सगळ्यांचंच काम जायचंय गं, मग नाही कुणाला म्हणू?"

"आणि एवढं सगळं तुम्ही उभं राहून वाचून दाखवणार?"

"हो."

"मग लोक तुमच्याकडे बघणार की भिंतीकडे?"

"भिंतीकडे बघितलं तर बरंच की," काका म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. आत्या सगळ्यांत जोरात. मग तिने बाह्या सरसावल्या. सूर्यास्त गेला, कोलांट्या गेल्या, जांभळा गेला. एकेक वाक्य जाताना काका हलकेच "ते पॉलिशवाल्याचं" किंवा "ते माझं" म्हणायचे, आणि आत्या म्हणायची, "ते तोंडाने सांगा ना काका. भिंत बोलायला लागली तर तुम्ही तिथे कशाला?" शेवटी मूठभर स्लाइड उरल्या. पहिलीवर नुसता एक फोटो. तान्ह्या बाळांना तोलायचा काटा, पाळण्यासारखं पांढरं ताट असलेला. त्यावर एकही अक्षर नाही.

"आता सांगा, ह्या काट्याला काय झालं होतं?" आत्याने विचारलं.

आणि काकांनी सांगितलं. चहाचा कप हातात, एक पाय दुसऱ्यावर. प्रसूतीच्या दवाखान्यातून हा काटा आला होता. सगळी बाळं थोडी जड दाखवायचा. म्हणजे अशक्त बाळसुद्धा ठणठणीत ठरून घरी जायचं. नव्या काट्याला महिना लागेल म्हणून दवाखाना हाच वापरत बसला असता. "मग मी तो मांडीवर घेऊनच बसलो. त्याला बाळासारखंच बघावं लागतं हो. आतली पट्टी केसभर वाकली होती, केसभर." बोलताना त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन बोटांत हवेतला केस धरला. आम्हाला तो दिसला.

"हेच! अगदी हेच बोलायचं," आत्या म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

आई पोळपाट पुसता पुसता म्हणाली, "ताई, ते बसून बोलतायत. आणि तुम्ही विचारताय म्हणून बोलतायत. तिथे कोण विचारणार आहे?"

"वहिनी, अगं माणसाला स्वतःचं काम सांगता येत नाही असं होतं का कधी?"

आईने पोळपाट भिंतीला टेकवला.

मीटिंगचं आत्याने एका दमात सांगितलं नाही. आठवडाभर तुकडे तुकडे मिळाले, ते असे.

ती कोपऱ्यात लॅपटॉपपाशी बसली होती, स्लाइड पुढे सरकवायला. काका इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उभे. दिवे मंद झाले. भिंतीवर काटा आला, पांढरा, स्वच्छ, सुंदर. सगळे साहेब सरळ बसले. कुणाच्याही स्लाइडला ते असे सरळ बसत नाहीत.

काका खोकले. "हां, तर..." आणि भिंतीकडे वळले. भिंतीवर वाचायला काही नव्हतं. ते बघतच राहिले, आपली ओळ कुठे गेली ते शोधत असल्यासारखे.

"हा... काटा आहे," ते म्हणाले.

"ते दिसतंय आम्हाला," मोठे साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मऊ, पायपुसण्यासारखा. "पुढे?"

पुढे काहीच नाही. विक्रीच्या साहेबांनी नाकातून श्वास सोडला. काकांच्या पाठीवर शर्ट ओला होत गेलेला आत्याला दिसत होता. तिने ओठ हलवून "दवाखाना, दवाखाना" म्हटलं. काका तिच्याकडे बघत नव्हते. आपण उठून बोलावं असं तिला वाटलं, पण स्लाइडवालीने मीटिंगमध्ये बोलायचं नसतं. एवढ्या वर्षांत ती एकदाही बोललेली नव्हती. आणि तिने काय केलं, तर काकांची जुनी फाइल उघडली. सूर्यास्त आला. लाल, हिरवी, जांभळी अक्षरं कोलांट्या मारत आली.

काकांचा जीव भांड्यात पडला. ते वाचायला लागले, खणखणीत. आधी पॉलिशवाल्याचं, मग स्प्रिंगवाल्याचं. साहेबांना ते टाचणीएवढं अक्षर दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी एकेक करून फोन काढले. कुणी दार उघडून चहा मागवला. दवाखान्याचं वाक्य होतं दुसऱ्या स्लाइडच्या तळाला. काका पहिल्याच स्लाइडवर पॅकिंगवाल्या बाईपर्यंत पोचले तेव्हा मोठे साहेब म्हणाले, "छान. वेळ संपली. बाकीचं पाठवून द्या, आम्ही वाचू."

बाहेर आल्यावर काकांनी आत्याचे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून तोंड तरी उघडलं, पोरी. सगळ्यांची नावं घेतली गेली."

"ती मला शिव्या देणारी माणसं परवडली," हे सांगताना आत्या म्हणाली आणि गॅसपाशी जाऊन उगाचच भांडी हलवत राहिली. "आभार कसले मानतात! मी त्यांच्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हटलं, आता चाला, मोकळं वाटेल."

बाबा म्हणाले, "तायडे, साहेबांनी आधीच ठरवलं होतं."

"असेल. पण ते केसभर वाकलेलं त्यांनी ऐकलं नाही ना. ऐकून बंद केलं असतं तर मी झोपले असते."

विभाग बंद झाला. तो बंद होणार हे सगळ्या कारखान्याला सांगायची सभा होती, आणि तिची स्लाइड अर्थातच आत्याकडे आली. मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरीने तीन परिच्छेद पाठवले होते, आभार, बदलता काळ, नवी क्षितिजं वगैरे, आणि कोपऱ्यात हात मिळवणारे ते दोघं. आत्या टेबलावर बसली. त्या दिवशी ती कुणाशीच भांडली नाही. तीन परिच्छेद तिने मुकाट खोडले, ते दोघंही काढले, आणि पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत विभागाचं नाव, "बंद" आणि तारीख ठेवली. आई म्हणाली, "एवढंच?" आत्या म्हणाली, "खोटं असलं की मी खोडते. एवढंच खरं आहे."

सभेनंतर विक्रीचे साहेब मुद्दाम तिच्यापाशी आले. "मॅडऽम, मानलं. एका नजरेत कळलं होऽ."

काका शेवटच्या रांगेत बसले होते, आपल्या माणसांबरोबर. जाताना ते थांबले, खोकले. "हां, तर... चष्मा घरी राहिला होता. पण नीट वाचता आलं, पोरी."