काठावरचं माणूस

मनोहरराव ढोके कुठलाही फोटो हातात घेतला की आधी त्याच्या मधोमध तळहात ठेवायचे. लग्नाचा असला तर नवरानवरी सरळ झाकून टाकायचे आणि उरलेल्या कडा चष्म्याजवळ नेऊन निरखायचे. माझ्या पुतणीच्या लग्नातल्या एका फोटोत त्यांना कोपऱ्यात कान कोरत बसलेले आमचे एक काका सापडले होते. बिचारे काका त्यानंतर घरात कान कोरणारे काका म्हणूनच ओळखले जाऊ लागले. "मधातलं तं कोणीबी पाहते, वानखडे," मनोहरराव मला म्हणायचे. "काठावर पाह्य गा. फोटोचा जीव काठावर रायते."

खापरखेड्याच्या वीज केंद्रात आम्ही दोघं एकाच पाळीत होतो आणि निवृत्तीनंतर नागपुरात घरंही शेजारी घेतली. त्यांच्याजवळ वडिलांचा जुना रोलचा कॅमेरा होता, वरवंट्याइतका जड. दर रविवारी तो गळ्यात अडकवून ते सीताबर्डीच्या बाजारात निघायचे. बहुतेकदा मीही सोबत असायचो, म्हणजे मुख्यतः चहासाठी. त्यांचे ते काळेपांढरे फोटो मात्र खरंच बघण्यासारखे होते. मध्ये काकड्या विकणारी बाई, तर काठावर तिची चप्पल पळवणारं कुत्रं. मध्ये सेलच्या कपड्यांचा ढीग, तर काठावर दुकानाच्या आरशात स्वतःचे दात तपासणारा हवालदार. एवढं सगळं एका चौकटीत यावं म्हणून क्लिक करण्याआधी ते नेहमी एक पाऊल मागे सरकायचे. "काठ पाह्यजे असन तं मांगं सरावं लागते," असं त्यांचं शास्त्र होतं.

स्टुडिओवाल्याने एकदा मापात बसावा म्हणून त्यांच्या फोटोची एक बाजू कापली. त्या बाजूला पानठेल्यामागे एक जण झोपलेला होता, तो गेला. मनोहररावांनी फोटो घेतलाच नाही. "तू माया मानूस मारून टाकला ना बावा," ते शांतपणे म्हणाले. त्या दिवशी आम्ही सगळे हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या फोटोंच्या काठांना काहीतरी होऊ लागलं. कुठे अर्धी स्कूटर, कुठे कुणाचं तरी कोपर, एकदा तर त्यांच्याच कॅमेऱ्याचा पट्टा. सवयीने ते मध्ये तळहात ठेवायचे, कडा पाहायचे आणि गोंधळून मला विचारायचे, "हा कोन आहे गा? मी तं याले पाह्यलंच नाही." मग घरातही तेच दिसायला लागलं. खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा, शेजारी ठेवलेला कप लवंडायचा. बर्डीवर एक ऑटो अगदी अंगाला घासून गेला तेव्हा ते म्हणाले, "हा कुठून आला?" ऑटो कितीतरी वेळ बाजूने येतच होता.

माझ्या वडिलांना काचबिंदू होता आणि त्यांची नजर अशीच बाजूंनी मिटत मिटत आत आली होती. तेही शेवटी शेवटी हेच विचारायचे. मी मनोहररावांना तिथेच चहाच्या टपरीवर सगळं सांगितलं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्यावर रोखला. "साफ दिसून राह्यला तू. मिशीतला पोह्याचा दानाबी दिसून राह्यला. काहून भेव दाखवतं?" जन्मभर त्या एवढ्याशा खिडकीतून जग पाहिलेल्या माणसाला आपली नजर तिच्याहूनही लहान होत चालली आहे, हे कळणार तरी कसं? मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी एका सकाळी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, काल यायनं माया हातातलं ताट पाडलं. मी बाजूलेच उभी होती. माया आयकत नाही, तुमीच सांगा." आम्ही दोघांनी मिळून असा पिच्छा पुरवला की शेवटी मनोहरराव कबूल झाले. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. "पन रविवार माया," ते म्हणाले. "एकदा का डोयात औषध टाकनं सुरू झालं का मंग सारं चिकट होऊन जाईन. रोल तं संपवू दे."

त्या रविवारी मी त्यांची बाही धरून चाललो होतो. ऊन चढत होतं, बर्डीवर नेहमीची गर्दी. फुटपाथच्या कडेला एक फुगेवाला गाल फुगवून फुगा भरत होता. मनोहरराव थांबले. "बाही सोड गा, फोटो हालते." मी सोडली. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि नेहमीसारखे एक पाऊल मागे सरकले, रस्त्यात. मी ओरडलो. क्लिक मला ऐकू आलं आणि त्यावरच टेम्पोच्या ब्रेकचा आवाज. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते.

तेरवी झाल्यावर वहिनींनी कॅमेरा माझ्या हातात दिला. कॅमेऱ्याला पोचासुद्धा आला नव्हता. "यायचा रोल धुऊन आना भाऊजी. शेवटचा फोटो मले पाहाचा आहे."

फोटो फार सुरेख आला होता. मध्ये फुगेवाला, त्याच्या गालावरची शीर न् शीर दिसत होती. आणि उजव्या काठावर टेम्पोचा दिवा, बंपर, काचेमागे ड्रायव्हरचं वासलेलं तोंड. सगळं स्वच्छ, कुणालाही दिसावं असं. मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. मग मी स्टुडिओवाल्याला उजवी बाजू कापून दुसरी प्रत काढायला सांगितलं. त्याला तो जुना प्रसंग आठवत असावा. "साहेबायचा फोटो आहे ना? कापू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काप."

वहिनींनी फोटो घेतला, खिडकीशी नेला आणि त्याच्या मधोमध तळहात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. डाव्या बाजूला थोडा फुटपाथ उरला. उजवीकडे काहीच उरलं नाही.

"काठ कापला तुमी," त्या म्हणाल्या.

मी होकारार्थी मान हलवली.

"यायनं कापू देल्ला नसता." त्या हळूच म्हणाल्या, "बरं केलं, भाऊजी." मग त्यांनी तळहात उचलला आणि त्या मधल्या फुगेवाल्याकडे पाहत राहिल्या.