आधी पाणी, मग सांगावा

गेल्या महिन्यात दुपारच्या गाडीनं परतूरहून सलीम आला आणि आमच्या जालन्याच्या घराच्या फाटकाशीच उभा राहिला. इमामभाई मन्यारांचा हा नातू. एरवी ईदेच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याचा डबा घेऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत येणारा. मी सवयीनं पाण्याचा तांब्या भरून बाहेर आले, तर त्यानं हात आडवा केला. "न्हाई आजी, पाणी नको," एवढंच म्हणाला. मी तांब्या ओट्यावर ठेवून दिला. पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती. तरी त्यानं सांगितलं, रीतसर, उभ्यानंच... पहाटे गेले, झोपेतच गेले, तरास बिलकुल झाला न्हाई. मग म्हणाला, "दादानं सांगून ठेवल्तं. तीर्थपुरीच्या बाईकडं माजी खबर नेशील तवा पाणी पिऊ नको म्हने. पिलास तर तिला खरंच वाटायचं न्हाई." स्वतःच्या मरणाचा निरोप कसा द्यायचा याचीही तजवीज करून गेलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं.

माझं माहेर परतूर, सासर तीर्थपुरी. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे हैदराबादचं राज्य होतं. कचेरीत उर्दू, शाळेत उर्दू, स्टेशनावरच्या पाटीवरही उर्दूच आधी. पुरुषमंडळी बाहेर ती भाषा जमेल तशी बोलत आणि घरी येऊन मराठीत करवादत. बायकांची मराठी मात्र कागदावर येतच नसे. टपाल यायचं, पण ते वाचायला दुसरा माणूस लागायचा आणि तो वाचणार ओसरीवर, साऱ्या घरादारासमोर. त्यात सासुरवाशीण लिहून लिहून काय लिहिणार? 'आम्ही खुशाल' याच्यापुढे गाडी जायची नाही. म्हणून माहेर-सासरची खरी बोलणी तोंडीच चालत, आणि परतूर ते तीर्थपुरी या वाटेवरच्या गावांमध्ये ते तोंड इमामभाईंचं होतं. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ते बाजाराच्या दिवशी येत. घरी दखनी बोलत, आमच्याशी मराठी, आणि गडबडीत दोन्हींची खिचडी.

त्यांचा एक नेम होता. मयताची खबर आणणाऱ्यानं त्या घरचं पाणी घ्यायचं नाही, उंबऱ्याबाहेरूनच सांगून निघायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. इमामभाईंनी ती उलट्या बाजूनंही पक्की केली. खबर बरी असली की गल्लीच्या तोंडापासूनच ते ओरडत, "माय, आधी पाणी द्या, मंग सांगावा!" ती हाक ऐकली की घरोघरच्या बायकांचा जीव भांड्यात पडायचा. काय निरोप आहे ते नंतर कळलं तरी चालायचं.

सांगावा ते सांगणाऱ्याच्या आवाजात देत. माझी आई रागावली असेल तर इमामभाईंच्या भुवया आईसारख्या वर जात. "आगं, सनाला यायचं तर सांगून ये, पाव्हन्यासारखी टपकू नको!" असं ते दाढी कुरवाळत म्हणत, आणि मला आई समोर बसल्यासारखी वाटे. पदरचं एक अक्षर घालत नसत. सासू शेजारी असेल तर निरोपाचा तिखट भाग गिळून बांगड्या भरायला बसत आणि हात हातात असताना खालच्या आवाजात तेवढाच भाग सांगून टाकत. बांगड्या भरताना बाई कळवळतेच, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं तरी कुणी विचारत नसे. ते परतूरला गेल्यावर आई त्यांना पहिला प्रश्न विचारायची तो माझ्या बांगडीच्या मापाचा. माप तेच असेल तर पोरीचं खाणंपिणं बराबर आहे. एकदा माझं माप उतरलं, तर पुढच्याच आठवड्यात माझा भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला हजर झाला. मी कुणाकडे तक्रारीचा शब्दही काढला नव्हता, पण माझ्या मनगटानं काढला होता.

मग ते शेवटचं वर्ष आलं. संस्थान भारतात जाणार की नाही, याचा गोंधळ माजला होता. आमचे हे उन्हाळ्यातच सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले, चळवळीतल्या पोरांबरोबर. जाताना म्हणाले, "पोचलो की कळवतो." आषाढ आला तरी काही कळलं नाही. सरहद्दीवर माणसं मारल्याच्या बातम्या रोज येत, आणि प्रत्येक बातमीत मला एकच माणूस दिसे. माझी सासू, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, दिवसभर दारात बसून गल्लीच्या तोंडाकडे बघत. आम्ही दोघी एकमेकींशी बोलायच्या बंद झालो होतो... बोललो तर ते नाव निघेल, याची भीती.

त्यातच रमजान लागला. रमजानात इमामभाई फेरी बंद ठेवत. ईदेच्या बांगड्यांसाठी परतूरच्या दुकानातच गर्दी असे. त्यामुळे ते येतील असं ध्यानीमनी नव्हतं. आणि एका दुपारी, डोक्यावर टोपली घेऊन गुडघाभर चिखल तुडवत, ते दारात येऊन उभे राहिले. हाक नाही, काही नाही. ओठ वाळलेले, चेहरा उतरलेला. मी धावत जाऊन तांब्या पुढे केला. त्यांनी मान हलवली. "न्हाई बाई. पाणी नको."

आत्याबाईंनी ते पाहिलं आणि जो हंबरडा फोडला, तो आजही माझ्या कानात आहे. शेजारणी धावल्या. कुणीतरी माझं कुंकू पुसलं. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी माझा हात धरून चौकटीवर आपटला, दोन बांगड्या फुटल्या. इमामभाई ओरडत होते, "आवो रोजा हाय माजा! रोजा! खुशाल हाईत मालक!" कुणाला ऐकू जाणार? मग त्यांची मराठीच सुटली. "अरे जिंदे हैं! जिंदे हैं, माँ!" ते गळा फाडून सांगत होते आणि बायका आणखी जोरात रडत होत्या. काकूंनी माझा दुसरा हात धरला.

मग इमामभाईंनी ओरडणं थांबवलं. माझ्या पायाशी ठेवलेला तांब्या त्यांनी उचलला, क्षणभर डोळे मिटले, आणि सगळ्यांच्या देखत ते पाणी प्यायले. घटाघटा, पार तळापर्यंत.

रडणं जागच्या जागी थांबलं. काकूंच्या हातातून माझा हात गळून पडला. इमामभाईंनी दाढी पुसली आणि नेहमीसारखं म्हणाले, "हं. आता सांगावा ऐका." वऱ्हाडातून आलेल्या माणसाकडून तो परतूरला माझ्या वडिलांपर्यंत पोचला होता. वडिलांना त्या दिवसांत रस्त्यानं फिरायची सोय नव्हती, म्हणून इमामभाईंनी तो घेतला होता. त्यांनी खांदे मागे घेतले, मान वाकडी केली आणि हुबेहूब ह्यांच्या आवाजात बोलू लागले, "आई, मी मजेत हाय. ताप आल्ता, गेला. कबरी गाय व्याली का? इथलं पिठलं खाऊन खाऊन तुजी आठवण येऊन राह्यली. घरच्या समद्यांना सांग." घरचे समदे म्हणजे मी! गाईच्या नंतर, पिठल्याच्याही नंतर! पण त्या वेळी मला त्या गाईचाही हेवा वाटला नाही. श्वास आत गेला तो खालपर्यंत गेला, कितीतरी दिवसांनी. आत्याबाई हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

त्या सावरल्या तेव्हा त्यांची नजर रिकाम्या तांब्याकडे गेली. "इमाम, तुजा रोजा मोडला रे माज्यापायी..."

"रोजा फिरून ठिवता येतो, माय," ते म्हणाले. "आन् फुटल्या तशा बांगड्या तर माज्याच टोपलीत हाईत." त्यांनी तिथंच बसून माझ्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. ईद झाल्यावर तो राहिलेला रोजा ते कुठल्या दिवशी ठेवणार, हे आत्याबाईंनी खोदून खोदून विचारून घेतलं आणि त्या दिवशी स्वतःही सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही.

पाऊस सरता सरता ते राज्य गेलं आणि हे परत आले, दाढी वाढवून, हाडाचा सापळा होऊन. तेव्हापासून पाहुणे जमले की ह्यांचं एक पालुपद ठरलेलं. "तीर्थपुरीत मी अर्धा तास मेलो होतो, विचारा हिला. इमामभाई पाणी प्याले, म्हणून उठलो." इमामभाई समोर असले तर लाजून म्हणत, "जाऊ द्या हो मालक," आणि मुद्दाम आणखी एक पेला पाणी मागत. पुढे टपाल मराठीत आलं, मी वाचायला शिकले, शिकवायलाही लागले. तरी आवाजासकट आलेला निरोप मला पुन्हा कुठल्या पाकिटात सापडला नाही.

सलीम परत गेला त्या दिवशी तो भरलेला तांब्या संध्याकाळपर्यंत ओट्यावर तसाच होता. मला तो आत नेववेना. शेवटी ह्यांनीच उचलला आणि अंगणातल्या जास्वंदीला घातला.

परवा दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. इमामभाईंचा चाळीसावा होऊन गेला होता. फाटक वाजलं. सलीमच होता, आणि त्याला पाहताच माझा हात सुपातच थांबला. पण तो फाटकातूनच ओरडला, अगदी त्याच्या दादाच्या आवाजात, "आजी, आधी पाणी द्या, मंग सांगावा!" आतून ह्यांनी विचारलं, "कोण गं, इमामभाई का?"

मी तोच तांब्या काठोकाठ भरून नेला. सलीम पायरीवर टेकून सावकाश पाणी पीत राहिला. काय निरोप आहे ते मी विचारलं नाही. मला घाई नव्हती. सगळे खुशाल होते.